मामाच्या घरात वाळवी: विसाराआधी तपासणी मागायची कशी?

प्रश्न

सांगलीच्या एका वाचक ताईंचं हे पत्र. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

त्या आणि त्यांचे पती विश्रामबागेत भाड्याने राहतात. त्यांचे सख्खे मामा गावभागातलं जुनं घर विकून मुलाकडे पुण्याला चालले आहेत. घर पणजोबांच्या काळातलं आहे. दगड-मातीच्या भिंती, पुढे सोपा म्हणजे ओसरीवजा खोली आणि वर माळवद म्हणजे मातीचं सपाट छप्पर, मागे कौलारू स्वयंपाकघर, परसात आड. बाहेरच्या गिऱ्हाईकापेक्षा भाचीला द्यावं म्हणून मामांनी किंमत कमी लावली. दसऱ्याला दोन लाख रुपये विसार द्यायचं ठरलं आहे. गेल्या महिन्यात ताई घर बघायला गेल्या तेव्हा फडताळाशेजारी भिंतीवर मातीची बारीक रेघ दिसली. फोटो काढेपर्यंत मामी ओलं फडकं घेऊन आल्या आणि "दरवर्षी येते गं, काही नाही" म्हणत त्यांनी ती पुसून टाकली.

ताईंच्या पतींनी तो फोटो ओळखीच्या पेस्ट कंट्रोलवाल्याला पाठवला. त्याने फोनवरच सांगितलं, "अख्खं घर पोखरलंय. 65 हजार लागतील, या आठवड्यात हो म्हणालात तर 50 मध्ये बसवतो." घरच्या सुताराचं म्हणणं वेगळं: "सागवान आहे, त्याला काय होतंय?" पती म्हणतात, रीतसर तपासणी झाल्याशिवाय विसार द्यायचा नाही. आई म्हणते, "भावाच्या घरात बॅटरी मारत फिरणार? माझं माहेर तोडायला निघालीस का?" ताईंचा प्रश्न असा की तपासणी मागून नातं घालवायचं, की डोळे झाकून घर घ्यायचं?

उत्तर

ताई, तुमच्या पत्रात मामी बोलल्या, आई बोलली, पती बोलले, पेस्ट कंट्रोलवाला आणि सुतारही बोलला. मामा मात्र एका ओळीतही बोललेले नाहीत. तपासणी म्हटली की ते दुखावतील, हे तुम्ही आणि आईने मिळून धरून चालला आहात. त्यांना अजून कुणी विचारलेलंच नाही. तेव्हा नातं की घर हा पेच निदान आज तरी उभा राहिलेला नाही. तो उभा राहू नये म्हणून काय करायचं, तेवढंच बघू.

आधी मामींचं फडकं. तुम्ही लिहिलंय की ते पाहून तुमच्या पोटात गोळा आला, यांना लपवायचं तर नाही ना असं वाटलं. मला तसं वाटत नाही. लपवणारा माणूस "दरवर्षी येते" असं सांगत नाही. मामींच्या लेखी ती रेघ कोळ्याच्या जाळ्याच्या लायकीची आहे: दिसली की पुसायची. जुन्या घरात जन्म गेलेल्या बायका हेच करत आल्या आहेत. पण त्यांच्या त्या एका वाक्यात तुम्हाला हवी असलेली निम्मी माहिती आहे. दरवर्षी येते म्हणजे वाट तीच आहे, ओल तीच आहे आणि खालून येणारी वसाहत जिवंत आहे. तुम्ही त्या वाक्याने घाबरलात. मी असतो तर पुढचं विचारलं असतं: मामी, दरवर्षी इथेच येते की आणखी कुठे?

वाळवीबद्दल आपल्याकडे एक लाज आहे, ती आईच्या बोलण्यातही दिसते. घर अस्वच्छ असेल तर वाळवी लागते, घर बसलं की वाळवी लागते, असं मनात कुठेतरी असतं. वाळवीला स्वच्छतेशी देणंघेणं नाही. लाकूड, कागद, पुठ्ठा, गवत यांतला सेल्युलोज हे तिचं अन्न, आणि जोडीला ओल लागते. जमिनीत राहणाऱ्या वाळवीच्या कामकरी किड्याची कातडी इतकी पातळ असते की उघड्या हवेत तो सुकून मरतो. म्हणून ती मातीचा बोगदा बांधत येते. तुमच्याच जिल्ह्यात बत्तीस शिराळ्याला नागपंचमीचं केवढं प्रस्थ! त्या दिवशी गावोगाव बायका वारुळाला पूजा घेऊन जातात. ते वारूळही बहुतेक वेळा वाळवीनेच बांधलेलं असतं, नाग तिथे मागाहून राहायला येतो. रानात ती पालापाचोळ्याची माती करते. आपण तिच्या वाटेत तुळई ठेवली, एवढाच वाद आहे. तेव्हा वाळवी निघाली तर मामांच्या घराची अब्रू जात नाही, हे आईला आधी सांगा. तुम्हालाही ते पटलेलं असू द्या, नाहीतर बोलताना तुमचाच आवाज अवघडेल.

आता पतींच्या मुद्द्याकडे. ते बरोबर आहेत आणि त्याला कायद्याचंही कारण आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 55 प्रमाणे, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर विकणाऱ्याने त्याला ठाऊक असलेला मोठा दोष घेणाऱ्याला सांगायलाच हवा. पण त्याला एक अट आहे. तो दोष घेणाऱ्याला ठाऊक नसावा आणि साधी काळजी घेऊन बघितलं तरी सापडण्यासारखा नसावा. तुमच्या बाबतीत काय झालंय बघा. रेघ तुम्ही पाहिली, फोटो फोनमध्ये आहे, मामींनी तोंडाने सांगितलं. उद्या तुळई खचली तर "मला माहीत नव्हतं" म्हणायची सोय तुम्हाला उरलेली नाही. दिसत असलेल्या दोषात कायदा घेणाऱ्याच्या बाजूने फारसा येत नाही. म्हणून बघण्याचं काम तुमचं, आणि ते विसाराच्या आधीचं. बँकेचं कर्ज घेणार असाल तर तिथेही गैरसमज नको. वकील सर्च रिपोर्ट काढतो तो मालकी हक्काचा. व्हॅल्युएटर येतो तो क्षेत्रफळ आणि भाव बघायला. लाकडाला टिचकी मारून बघणं या दोघांच्याही कामात येत नाही.

अमेरिकेत घरखरेदीच्या वेळी लाकूड खाणाऱ्या किड्यांचा वेगळा तपासणी अहवाल पुष्कळदा मागितला जातो, काही गृहकर्जांना तर तो लागतोच. त्याचा छापील नमुना ठरलेला आहे आणि त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं की हा अहवाल फक्त डोळ्यांना दिसणाऱ्या आणि हात पोचणाऱ्या भागांपुरता आहे, घर मजबूत असल्याची ही हमी नाही. कुठला भाग बघता आला नाही आणि का, तेही तपासनीस लिहून देतो. हा प्रामाणिकपणा मला आवडतो. आपल्याकडे अशी पद्धत नाही, पण तसा अहवाल कुणाकडूनही साध्या कागदावर लिहून घ्यायला कुणाची हरकत आहे?

तुमच्याकडची दोन्ही मतं या कसोटीवर लावून बघा. पेस्ट कंट्रोलवाल्याने एका रेघेच्या फोटोवरून अख्ख्या घराचा निकाल दिला आणि वर आठवड्याची मुदत घातली. जो औषध विकणार त्यालाच रोग शोधायला बोलावलं की हे असंच व्हायचं. सगळेच फसवतात असं मी म्हणत नाही, पण फुकट पाहणीचा खर्च कुठूनतरी निघायचाच. सुतार दुसऱ्या टोकाला. त्याचं अर्धं खरं आहे. सागाच्या गाभ्यात वाळवीला नकोशी द्रव्यं असतात, म्हणून जुनं, पक्व सागवान टिकतं. पण त्याच खोडाचं सालीकडचं फिकट लाकूड ती आवडीने खाते. शिवाय पणजोबांच्या घरात सगळंच सागवान असेल कशावरून? खांब-तुळया सागाच्या आणि वरच्या किलचा, म्हणजे मातीखाली अंथरलेल्या लाकडाच्या चिपा, हाताला मिळतील त्या लाकडाच्या, असं त्या काळी सर्रास करत. मागच्या कौलारू भागातले वासे आणि रिपा तर कितीदा बदलल्या असतील. वर जुन्या लाकडातला वाळवीला रोखणारा अंशही सतत भिजून भिजून कमी होतो.

जुन्या बांधकामाची सवय असलेला एखादा स्ट्रक्चरल इंजिनिअर फी देऊन आणा, सोबत मामांच्या नव्हे तर दुसऱ्या ओळखीचा सुतार. दोघांनाही कामाचं टेंडर मिळणार नाही हे आधीच सांगा. पण त्यांच्या आधी तुम्ही स्वतः एकदा फिरा. जोरदार बॅटरी, जाड पेचकस, खडू आणि फोन एवढं सामान बास.

बॅटरी सरळ भिंतीवर मारू नका. भिंतीला चिकटवून तिरकी धरा, म्हणजे रंगाखालचा फुगवटा आणि पुसलेल्या रेघेचा डागही उठून दिसतो. जमिनीतल्या वाळवीचा बोगदा साधारण पेन्सिलच्या जाडीचा असतो. सापडला तर पुसू नका. मधला इंचभर तुकडा पेचकसाने पाडा, दोन्ही बाजूंना खडूने खूण करा, शेजारी तारीख लिहा. आत पांढुरके किडे पळताना दिसले तर प्रश्नच मिटला. नाही दिसले तर चार-पाच दिवसांनी परत जाऊन बघा. तुकडा ओल्या मातीने पुन्हा सांधला असेल तर वाट चालू आहे. सांधला नसेल तर मात्र वाळवी गेली असं समजू नका, तिने वाट बदललेली असू शकते. मामींना सांगा की या पंधरा दिवसांत फडकं नको. भाचीने असं सांगितलं तर त्या हसतील, रागावणार नाहीत.

मग जिथे लाकूड जमिनीला किंवा ओलीला टेकतं तिथे चला: दाराच्या चौकटीचे पाय, उंबरठा, खांबाखालचा दगड आणि त्याच्यावरचं वीतभर लाकूड, न्हाणीच्या भिंतीला लागून असलेलं फडताळ, जिन्याची खालची बाजू, मीटरमागची लाकडी फळी. जिन्याखाली रद्दी, पुठ्ठ्याची खोकी, पोती आणि परसात भिंतीला टेकवून रचलेलं सरपण असेलच. ते आधी हलवा. पुष्कळदा बोगदा त्यांच्या मागूनच वर चढलेला असतो. पेचकसाच्या मुठीने लाकडावर ठोकत जा. भरीव लाकूड खणखणीत वाजतं, पोकळ लाकडाचा आवाज लगेच बसका होतो, कान दोन मिनिटांत तयार होतो. शंका आली तिथे टोक दाबा. वाळवी वरचा पापुद्रा शाबूत ठेवून आतून खाते, त्यामुळे रंगवलेली, गुळगुळीत दिसणारी चौकट पेचकस सरळ आत घेते.

माळवदाच्या घरात सगळ्यात जोखमीची जागा तुळईचं टोक. तुळई, तिच्यावर कड्या म्हणजे लहान आडवी लाकडं, वर किलचा आणि त्यावर मातीचा जाड थर, हा सगळा भार दोन टोकांवर भिंतीत टेकलेला असतो. भिंतीत गेलेली वीत-दीड वीत तुम्हाला दिसत नाही. माळवदाची पन्हळ तुंबली किंवा कडेला भेग पडली की पाणी भिंतीतून उतरतं ते नेमकं तिथे. शिडी घ्या, तुळई भिंतीत शिरते त्या ठिकाणी जा. आजूबाजूला काळपट-पिवळा ओघळ आहे का? टोकाजवळ पेचकसाने एक ढलपी उचला. निरोगी लाकडाची ढलपी लांब, तंतूंसकट येते. कुजलेल्या लाकडाची जागच्या जागी तुटते, हातात तुकडा येतो. कुजलेला भाग तपकिरी होऊन आडव्या-उभ्या भेगांनी चौकोनी तुकड्यांत फुटलेला दिसला, तर तिथे वाळवीची वाट न बघता बुरशीने काम उरकलेलं आहे. आणि हे लक्षात असू द्या की माळवदी घरात माती पायाखाली असते तशी डोक्यावरही असते. छप्पर गळून वरची माती सतत ओली राहत असेल तर वाळवी वरच मुक्काम ठोकू शकते. फक्त जोत्याशी औषध मारून असली वाळवी आटोक्यात येत नाही.

गावभागाच्या घरात मी बुरशीला वाळवीइतकाच मान देतो. लाकडातली ओल वजनाच्या वीस टक्क्यांच्या वर टिकून राहिली की कुजवणाऱ्या बुरशीला रान मोकळं होतं. कृष्णेचं पाणी 2005, 2019 आणि 2021 मध्ये गावभागात शिरलं. मामांना विचारायची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. पाणी घरात कुठवर आलं होतं, किती दिवस राहिलं, नंतर फरशी उकरली का, चौकटी बदलल्या का, त्याआधी कधी वाळवीचं औषध केलं होतं का? पुराआधी केलेल्या औषधावर आज विसंबू नका. औषध मुरलेली माती वाहून जाते, किंवा तिच्यावर गाळाचा नवा थर बसतो आणि वाळवीला औषधाच्या वरून मोकळी वाट मिळते.

तिसरा पाहुणा म्हणजे भुसा पाडणारा किडा. पलंगाखाली किंवा बांबूच्या कामटीखाली मैद्यासारखी पूड आणि लाकडाला टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसली तर तो हा. याला मातीशी, जोत्याशी संबंध नाही. सालीकडच्या लाकडातला आणि बांबूतला पिष्ट तो खातो. जमिनीत औषध सोडून याचं काही बिघडत नाही, ते लाकूडच बदलायचं किंवा लाकडावरच इलाज करायचा. वाशांना बोटाएवढी गोल भोकं पाडणारा काळा भुंगा दिसायला भीतिदायक, पण एवढ्या घराचं त्याने सहसा काही बिघडत नाही.

आणि जून महिन्यात पहिल्या पावसानंतर ट्यूबलाइटभोवती पंखवाले किडे जमतात, त्यावरूनही घाबरून जाऊ नका. ते बाहेरच्या वारुळातून खिडकीवाटे येतात. खिडक्या बंद असताना भिंतीतून किंवा फरशीच्या सांध्यातून निघाले, किंवा घराच्या आतल्या कोपऱ्यात सारख्या लांबीच्या पंखांचा ढीग सापडला, तर ती घरची वाळवी. हे तुम्ही आता पाहू शकत नाही, मामींना विचारू शकता.

समजा वाळवी निघाली. मग "घ्यायचं की सोडायचं" असा प्रश्न तुम्ही स्वतःला घालणार, असं पत्रावरून दिसतं. तो घाईचा आहे. वाळवी निघालेली जुनी घरं सांगलीत हजारो असतील आणि त्यांत लोक सुखाने नांदतात. प्रश्न असा विचारा की भार पेलणाऱ्या लाकडापैकी किती गेलंय. चार चौकटी आणि फडताळाच्या फळ्या गेल्या असतील तर तो सुताराचा खर्च आहे. दोन तुळयांची टोकं गेली असतील तर इंजिनिअरचा, लोखंडी गर्डरचा आणि भिंत उकरण्याचा. माळवदच खचत असेल तर हिशेब जवळपास नव्या घराचा होतो. आणि मग तुम्हा दोघांना एकमेकांना विचारावं लागेल की आपण घर घेतोय की जागा? पाच वर्षांनी पाडून बांधायचंच मनात असेल तर आज लाकडावर खर्च कशाला? पण तसं असेल तर प्लॉट कुठल्या पूररेषेत येतो आणि तिथे काय बांधू देतात हे आधी महापालिकेत विचारून या. पत्रात याचा उल्लेखच नाही, आणि मला ही गोष्ट वाळवीपेक्षा मोठी वाटते.

राहायचंच असेल तर कामाचा क्रम चुकवू नका. लोक आधी औषध मारतात, कारण त्यात काहीतरी केल्यासारखं वाटतं. आधी पाणी थांबवायचं: पन्हळ, माळवदाच्या भेगा, फुटकी कौलं, न्हाणीची मोरी. मग खराब लाकूड काढायचं. औषध त्यानंतर. ओल तशीच ठेवून केलेलं औषध बुरशीला रोखत नाही, आणि वाळवीही ओलीच्या मागे दुसऱ्या वाटेने येते.

औषधाचं कोटेशन घ्याल तेव्हा, तुम्ही घ्या नाहीतर हे वाचणारं दुसरं कुणी, "वाळवी ट्रीटमेंट: 50,000" एवढ्या एका ओळीवर सही करू नका. बांधून झालेल्या इमारतींसाठी भारतीय मानक आहे, आयएस 6313 चा भाग 3. "त्याप्रमाणे करणार का?" एवढं विचारलं की समोरचा कितपत जाणकार आहे ते कळतं. भिंत आणि फरशीच्या सांध्यातून साधारण फूट-फूट अंतरावर 12 मिलिमीटरची भोकं पाडून औषध खालच्या मातीत सोडणं हा त्यातला मुख्य भाग. शहाबादी फरशी असेल तर भोकं सांध्यात पाडायला सांगा. दगड-मातीच्या भिंतींत पोकळ्या असतात, तिथे भिंतीतही तिरकी भोकं घ्यावी लागतात. नुसता पंप घेऊन भिंतींवर फवारा मारून जाणारा माणूस तुमचे पैसे घेऊन जातो आणि मागे नुसता वास ठेवतो, वाळवी तशीच राहते. औषधाचं नाव, प्रमाण, एकूण किती लिटर द्रावण, किती भोकं, हमी किती वर्षांची आणि पूर आला तर हमीचं काय, हे लेखी घ्या. कीटकनाशक कायदा, 1968 खालचा परवाना बघायला मागा, मागायला संकोच कसला? जळकं ऑइल, रॉकेल, डांबर हे घरगुती इलाज लाकडाच्या तोंडावरची वाळवी मारतात, मातीतल्या वसाहतीला त्याचा पत्ताही लागत नाही. वर घरात आगीला आमंत्रण.

एक गोष्ट जोर देऊन सांगतो. परसात आड आहे म्हणालात. त्याचं पाणी पिण्याला नसलं तरी धुण्याभांड्याला, झाडांना वापरतच असाल. वाळवीचं औषध जमिनीत मुरवलं जातं, ते आडाजवळ अजिबात सोडायचं नाही. ठेकेदाराला आड आधी दाखवा आणि कुठपर्यंत औषध सोडणार हे खडूने आखून घ्या. तो "काही होत नाही" म्हणाला तर दुसरा ठेकेदार बघा.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्या वाचकांनी हे पान उलटू नये. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरही वाळवी डक्टमधून, पाइपाच्या कडेने चढते आणि बाथरूमला लागून असलेल्या प्लायवूडच्या कपाटात शिरते. खाली दुकानात औषध झालं म्हणून वर निश्चिंत राहता येत नाही. आणि घर विकणाऱ्यांनो, वाळवी माहीत असताना वरून गिलावा-रंग करून दाखवणं हा शहाणपणा वाटत असेल, तर वर सांगितलेलं कलम 55 पुन्हा वाचा. रंगाने झाकलेला दोष साध्या काळजीने दिसत नाही, तेव्हा तिथे कायदा घेणाऱ्याच्या बाजूला येतो.

आता मामांशी बोलायचं. फोनवर नको, आईला मध्ये घालून तर नकोच. घरी जा आणि साधं बोला: "मामा, विसाराआधी मला घर एकदा वरपासून खालपर्यंत बघायचंय. तुम्ही सोबत पाहिजेत. कुठली तुळई कधी बदलली, पुराचं पाणी कुठवर आलं, हे तुमच्याशिवाय सांगणार कोण?" यात खोटं काहीच नाही. बाहेरून येणारा कुठलाही तपासनीस दोन तासांत घर बघतो, मामांनी ते उभा जन्म बघितलंय. त्यांना तुम्ही आरोपीच्या जागी न बसवता माहितगाराच्या जागी बसवा. इंजिनिअर आला की त्याच्यासोबतही तेच फिरू देत. मला वाटतं ते तुमच्यापेक्षा जास्त उत्साहाने शिडी धरतील.

आईचं मात्र थोडं वेगळं आहे. घर विकलं जातंय, भाऊ पुण्याला चाललाय, आणि त्यात तिची लेक म्हणतेय की लाकूड पोकळ असेल. तिचा राग बॅटरीवर निघतोय, एवढंच. तिच्याशी वाद घालू नका. तपासणीच्या दिवशी तिलाही बोलवा.

पैशाचं बोलणं अहवाल हातात आल्यावर करा, आधी नको. आणि "किंमत कमी करा" असं तर म्हणूच नका, मामांनी ती तुमच्यासाठी आधीच कमी केली आहे. दुरुस्तीचा अंदाज समोर ठेवा आणि विचारा की यातलं काय तुम्ही करून द्याल, काय आम्ही करू. तुळयांचं मामांनी, चौकटी आणि औषधाचं तुम्ही, अशी वाटणी होऊ शकते. किंवा ते किमतीतून वळतं करतील, किंवा म्हणतील की किंमत आधीच उतरवली आहे, आता जमणार नाही. तेही चुकीचं नाही. मग कमी लावलेल्या भावातून दुरुस्ती वजा करून सौदा परवडतो का, हा हिशेब तुमचा. जे ठरेल ते साठेखतात, म्हणजे खरेदीखताआधीच्या करारात, लिहा. नात्यातल्या व्यवहारात लिहायचं टाळतात आणि दहा वर्षांनी दोन्ही घरं वेगवेगळं आठवत बसतात.

मामा तपासणीला चक्क नाही म्हणाले तर? तसं होईल असं वाटत नाही, पण झालंच तर भांडू नका आणि विसारही देऊ नका. "आठ दिवस विचार करू" म्हणून उठा, आणि मामेभावाशी बोला. तो पुण्यात राहतो, फ्लॅट घेताना त्यानेही दहा गोष्टी तपासल्या असतील.

दसऱ्याचा मुहूर्त मात्र चुकवायची गरज नाही. त्या दिवशी नारळ आणि 1,001 रुपये द्या, पावतीवर "घराची पाहणी झाल्यावर साठेखत करण्याचे ठरले" अशी ओळ लिहून दोघांच्या सह्या घ्या. दोन लाख साठेखताच्या दिवशी, चेकने.